मदत हवी आहे: स्पेक्ट्रमच्या जागतिक परिषदेची पूर्वतयारी वर्गात कशी दाखवू?

मंडळी, नाशिकला इंजिनिअरिंगच्या मुलांना कम्युनिकेशन शिकवतो, हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवानाही आहे. 2027 ला इथे सिंहस्थ, आणि त्याच वर्षी शांघायला जागतिक रेडिओसंचार परिषद, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी कुठल्या सेवेला हे जिथे देश मिळून ठरवतात ती. कुंभात पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सगळ्यांचे वायरलेस एकदम चालू असणार. कोणती फ्रिक्वेन्सी कोणाची, हे मुलांना पटवायला याहून चांगलं निमित्त नाही. म्हणून वर्गातच परिषद भरवली, देश वाटून दिले. पहिल्याच तासाला नुसती हमरीतुमरी. मग एका मुलीने विचारलं, "सर, भारताने काय म्हणायचं हे निघण्याआधी कोण ठरवतं?"

दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा (देशातल्या फ्रिक्वेन्सी बघणारी), एवढंच सांगू शकलो. आयटीयूचे (ही परिषद भरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे) अभ्यासगट, एपीटी हा आशिया-प्रशांत देशांचा गट, दिल्लीतली समिती यांची साखळी कशी लागते? तीन तासांत कसं मांडू? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

सर, मुलीचा प्रश्न नेमका आहे. सुरुवात मागच्या परिषदेपासून करा, कारण पुढची विषयपत्रिका तिथेच ठरते. दुबईची परिषद 15 डिसेंबर 2023 ला संपली आणि 18 तारखेला तिथेच 2027 च्या पूर्वतयारीची पहिली बैठक बसली! कुठला विषय कुठल्या अभ्यासगटाकडे, याची वाटणी त्या दोन दिवसांत झाली. नंतरची वर्षं आकडेमोडीची: नवी सेवा जुनीला किती त्रास देईल. त्यातून अहवाल बनतो आणि प्रत्येक विषयाला दोन-चार पर्याय निघतात. 'काहीच बदलू नका' हा बहुधा त्यातला एक असतोच.

हे चालू असतानाच दिल्लीत मोबाइलवाले, उपग्रहवाले, संरक्षण खातं आपापलं म्हणणं मांडतात. तिथली भूमिका घेऊन आपण एपीटीत जातो आणि जमेल तिथे सामाईक प्रस्ताव करतो. जगात असे सहा गट आहेत. एकट्या देशाचं म्हणणं परिषदेत फार टिकत नाही.

वर्गात एकच पट्टा घ्या: 7125 ते 8400 मेगाहर्ट्झ. मोबाइलला हवाय, पण त्याच्या वरच्या भागात भूनिरीक्षण उपग्रह माहिती खाली पाठवतात. पहिले दोन तास देश नकोतच. एकाच देशातली खाती करा आणि त्यांच्याकडून देशाच्या भूमिकेचा एक कागद लिहून घ्या.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार! देश आधी वाटले तिथेच चुकलो. शनिवारी खाती करून बघतो. हॅमवाल्यांचाही एक गट ठेवू का? 7100 ते 7200 किलोहर्ट्झ आपल्याला 2003 च्या परिषदेत मिळाले, प्रत्यक्ष वापरायला 2009 उजाडलं. लहान गटाचं म्हणणं कुठल्या टप्प्यावर आत शिरतं, हे त्या मुलीला दाखवायचंय.