मदत हवी आहे : मार्चच्या उन्हात टिकेल असा खजूर-चॉकलेटचा खाऊ कसा करावा?

संत्राबाग :

नमस्कार. मी अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. आमची संत्र्याची बाग आहे आणि गावातील अकरा जणींचा आमचा बचत गट आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी खजूर आणि फल्लीदाण्यांचे (शेंगदाण्यांचे) छोटे लाडू करून ते वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवले होते. त्यासाठी ओव्हन लागला नाही, पाक करावा लागला नाही, आणि चाळीस लाडू दोन तासांत झाले. थंडी असल्यामुळे वरचे चॉकलेट ओट्यावर ठेवूनच घट्ट झाले. आलेल्या बायकांना ते इतके आवडले की ८ मार्चला तालुक्याच्या ठिकाणी होणाऱ्या महिला दिनाच्या कार्यक्रमासाठी दोनशे नगांची मागणी आमच्या गटाकडे आली आहे. गटाला पहिल्यांदाच एवढे मोठे काम मिळाले आहे आणि ते नीट व्हावे अशी आम्हा सगळ्यांची मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी की फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी तोच पदार्थ तीनदा करून पाहिला आणि तिन्ही वेळा तो बिघडला. काय केले ते सविस्तर लिहिते, म्हणजे जाणकारांना चूक सापडणे सोपे जाईल.

पहिल्या वेळी खजूर फार कडक निघाला. आमच्याकडे किराणा दुकानात मिळतो तो दाबून वडी केलेला काळा खजूर मी आणला होता. तो मिक्सरमध्ये फिरेना, म्हणून अर्धा तास कोमट पाण्यात भिजवला. त्यानंतर तो वाटला गेला खरा, परंतु मिश्रण इतके सैल झाले की लाडू वळताना हाताला चिकटून राहिले. दाण्याचे कूट वाढवत गेले तेव्हा आकार आला, मात्र चौथ्या दिवशी त्यांना आंबूस वास येऊ लागला.

दुसऱ्या वेळी खजूर न भिजवता घेतला आणि लाडू चांगले वळले गेले. मग गंजात पाणी उकळत ठेवून त्यावर वाडगे ठेवले आणि त्यात डार्क कंपाऊंड चॉकलेटचे तुकडे वितळवले. चॉकलेट छान चकचकीत झाले होते. पण सराटा (उलथणे) ओला होता की वाफ आत शिरली हे मला कळले नाही, एकाएकी ते सगळे चॉकलेट ओल्या मातीसारखे गोळा झाले. कितीही ढवळले तरी ते पुन्हा पातळ झाले नाही.

तिसऱ्या वेळी बाकी सर्व जमले, परंतु दुपारी चॉकलेट घट्टच होईना. म्हणून लाडू फ्रीजमध्ये ठेवले. तासाभराने ते सुंदर दिसत होते, पण बाहेर काढल्यावर त्यांना घाम सुटला आणि सुकल्यावर पांढरट डाग पडले. त्यातच उन्हाळा लागला की आमच्याकडे दुपारी वीज जाते, त्यामुळे दोनशे नग फ्रीजच्या भरवशावर ठेवणे मला धोक्याचे वाटते. कार्यक्रम मांडवात आहे आणि खाऊचे वाटप दुपारी दोनच्या सुमारास होणार आहे.

माझे प्रश्न असे आहेत. वरचे चॉकलेट उन्हात टिकावे यासाठी घरच्या घरी करता येण्यासारखा काही उपाय आहे का? खजूर न भिजवता मऊ कसा करावा? शिवाय मागणी देणाऱ्या ताईंनी ‘साखर नसलेला खाऊ’ असे लिहून द्या म्हणून सांगितले आहे, तर तसे लिहिणे योग्य ठरेल का? माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्यांनाही अनेक जण खजूर चालतो असे सांगतात, म्हणून हे मी मुद्दाम विचारते आहे. आणखी एक इच्छा आहे. सध्या आमच्या बागेत मृग बहाराची संत्री आहेत. त्यांची चव या खाऊत आणता आली तर तो आमच्या गावचा वाटेल.

रानमेवा :

ताई, तुम्ही इतके नीट लिहिले आहे की उत्तर देणे सोपे झाले. मी यवतमाळ जिल्ह्यात लग्नकार्यांसाठी लाडू-चिवड्याच्या मागण्या घेते आणि तुमच्या तिन्ही अडचणींतून मीही गेले आहे.

आधी मुख्य गोष्ट सांगते. खऱ्या चॉकलेटमधील कोको बटर ३३ ते ३४ अंशांच्या आसपास वितळते, म्हणून तर ते तोंडात टाकताच विरघळते. कंपाऊंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते आणि ते थोडा जास्त उष्मा सहन करते, पण मार्चमध्ये भर दुपारी आपल्याकडच्या मांडवात तेही मऊ पडणार, बोटांना लागणार आणि कागदाला चिकटणार. पहाटे चार वाजता उठून चॉकलेट लावले तर ते घट्ट होईल, पण दुपारी दोन वाजता ते तसेच राहील याची हमी कोणीही देऊ शकत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की होळीच्या आसपासच्या दिवसांत आपल्या भागात चॉकलेट बाहेरून लावू नये, ते आत घालावे. वितळणारी वडी सोडून द्या आणि कोको पावडर खजुरातच मळा. कोको पावडरीत चरबी कमी असते आणि ती कोरडी असल्यामुळे खजुराचा ओलावा ओढून घेते, त्यामुळे मिश्रण उलट घट्ट होते. बाहेरून भाजलेले तीळ लावा. खोबऱ्याचा कीस दिसायला चांगला असतो, पण उन्हाळ्यात तो लवकर खवट होतो.

मात्र पावडर घेताना पाकिटावर ‘कोको पावडर’ असेच लिहिलेले आहे ना हे पाहा. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ म्हणून जे मिळते त्यात साखर असते, आणि खजुरासोबत ते फार गोड होते.

खजूर भिजवणे हे तुमच्या पहिल्या बिघाडाचे कारण आहे. खजूर टिकतो तो त्यात पाणी कमी आणि साखर भरपूर असते म्हणून. आपणच पाणी घातले की तो टिकाऊपणा जातो आणि आंबायला सुरुवात होते. कडक खजूर बिया काढून, बारीक चिरून, जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तुपावर अगदी मंद आचेवर परता. सात-आठ मिनिटांत तो सराट्याने दाबला जाईल इतका मऊ होतो आणि मिक्सरची गरजच राहत नाही. सध्या रमजान असल्यामुळे बाजारात नाना प्रकारचे खजूर आले आहेत. त्यांतला डब्यात मिळणारा किमिया खजूर फार मऊ आणि ओलसर असतो. तो नुसता खायला उत्तम, पण या कामासाठी मी तो घेत नाही. तुमचा वडीचा काळा खजूरच इथे बरा.

माझे प्रमाण असे आहे. बिया काढलेला खजूर १ किलो, भाजून सोललेल्या फल्लीदाण्यांचे जाडसर कूट ३०० ग्रॅम, भाजून भरड केलेला जवस १०० ग्रॅम, कोको पावडर ७५ ग्रॅम, तूप ३० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. याचे २० ग्रॅमचे साधारण ७५ नग होतात, म्हणजे तीन घाणे केले की दोनशे नग होऊन थोडे वर उरतात. बियांसकट खजूर घेतलात तर दर किलोमागे सुमारे १०० ग्रॅम वजन बियांत जाते, ते धरून खरेदी करा. जवस कढईत तडतडेपर्यंत भाजा आणि ज्या दिवशी लाडू करायचे त्याच दिवशी दळा, कारण दळलेल्या जवसातील तेल लवकर खवट होते. आपल्या घरांत जवसाची चटणी कायम होत असल्यामुळे ही चव लोकांना परकी वाटत नाही, आणि कोकोच्या कडवटपणाशी ती फार छान जुळते.

खजूर मऊ झाल्यावर त्यातच कोको घालून मिनिटभर परता, म्हणजे त्याचा कच्चा वास जातो. मग आच बंद करून कूट, जवस आणि मीठ घाला, आणि कोमट असतानाच तुपाच्या हाताने मळा. दोनशे लाडू वळत बसण्यापेक्षा तूप लावलेल्या ताटात मिश्रण दीड सेंटिमीटर जाड थापून वड्या पाडणे मला सोयीचे वाटते, कारण सर्व नग सारखे होतात आणि हिशेबही चुकत नाही.

राहिले ते गोळा झालेले चॉकलेट. वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण चरबीत पसरलेले असतात. त्यात थेंबभर पाणी पडले की साखर ओली होते आणि सगळे कण एकमेकांना चिकटतात. ते पुन्हा लाडवाला लावण्याजोगे होत नाही, पण टाकून देऊ नका. त्यात थोडे थोडे गरम दूध घालून ढवळले तर मुलांना पोळीबरोबर खायला चांगले दाट सार तयार होते. फ्रीजमधून काढल्यावर पडलेले डागही पाण्यामुळेच पडतात : थंड लाडवावर हवेतील बाष्प जमते, त्यात साखर विरघळते आणि सुकताना पांढरी होऊन वर बसते. पुढे थंडीत चॉकलेटचे लाडू कराल तेव्हा फ्रीजमधून बाहेर काढलेला डबा आतला खाऊ खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका.

पैनगंगा :

वरील प्रतिसाद अतिशय उपयुक्त आहे. मी फक्त साखरेच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण माझ्या वडिलांना मधुमेह असल्यामुळे हा हिशेब आम्ही घरी नेहमी करतो.

‘साखर नसलेला’ असे कृपया लिहू नका. १०० ग्रॅम खजुरात साठ ग्रॅमपेक्षा जास्त साखर असते. ती फळाची असली तरी साखरच आहे. रानमेवाताईंच्या प्रमाणात २० ग्रॅमच्या एका वडीत सुमारे १३ ग्रॅम खजूर येतो, म्हणजे एका वडीतून आठ ग्रॅमच्या आसपास, अर्थात चहाचे जवळपास दोन चमचे साखर पोटात जाते. खजुरात तंतू असतात आणि दाणे-जवसामुळे ती साखर रक्तात सावकाश उतरते हे खरे आहे, पण ‘साखर नाही’ असे वाचून एखाद्या आजीने चार वड्या खाल्ल्या तर त्याची जबाबदारी आपल्यावर येते. ‘वरून साखर घातलेली नाही, गोडवा खजुराचा आहे’ असे लिहिणे प्रामाणिक ठरेल. तेसुद्धा कोको पावडर वापरली तरच लिहिता येईल; कंपाऊंडच्या वेष्टनावरील घटकांत साखर बहुधा पहिल्याच क्रमांकावर असते. तुमच्या सासूबाईंना किती चालेल हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे.

त्याच चिठ्ठीवर फल्लीदाणे, तीळ आणि जवस आहेत हे ठळक लिहा, कारण काहींना दाण्यांची किंवा तिळाची ॲलर्जी असते. कार्यक्रमाला बायकांबरोबर लहान मुले येतीलच, त्यामुळे दाण्याचा अख्खा तुकडा राहणार नाही आणि खजुराची एकही बी आत जाणार नाही याची काळजी घ्यावी. बिया मोजून काढण्याची पद्धत आमच्याकडे आहे : जितके खजूर तितक्या बिया वाटीत दिसल्याच पाहिजेत. तुमचा खजूर दाबलेला असल्यामुळे मोजता येणार नाही, म्हणून तो चिरतानाच दोघींच्या हाताखालून जाऊ द्या.

संत्र्याच्या चवीसाठी रस अजिबात वापरू नका, पुन्हा पाणीच येईल. सुगंध सालीच्या वरच्या केशरी थरातील तेलात असतो. तेवढाच थर बारीक किसणीवर किसून सावलीत दोन दिवस वाळवा. खालचा पांढरा भाग आला तर कडवटपणा येतो. बाग तुमचीच असल्यामुळे कोणत्या झाडांवर अलीकडे फवारणी झालेली नाही हे तुम्हाला ठाऊक असेल. फळे त्याच झाडांची घ्या आणि तरीही चांगली धुऊन, कोरडी पुसूनच किसा.

संत्राबाग :

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. उत्तर लिहायला आठवडा लागला, कारण आधी करून पाहायचे आणि मगच लिहायचे असे ठरवले होते.

गटातील चौघींनी मिळून एक घाणा केला. खजूर तुपात परतल्यावर खरोखर लोण्यासारखा दबला आणि हाताला अजिबात चिकटला नाही. ७५ ग्रॅम कोको मोठ्यांना आवडला, पण शेजारच्या मुलांनी तोंड वाकडे केले, म्हणून दुसऱ्या घाण्यात तो ६० ग्रॅमवर आणला आणि तेवढा पुरेसा वाटला. संत्र्याची साल पहिल्यांदा मी जोर लावून किसली आणि पांढरा भाग आल्यामुळे कडू झाली. आपल्या संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर ती किसणीवर वाकते. त्यामुळे फळ न सोलता, अख्खेच हातात धरून हलक्या हाताने किसावे लागते. एका घाण्याला दोन चमचे वाळलेला कीस घातला, तेव्हा ताट थापताना सगळ्या पडवीत बागेसारखा वास पसरला.

परीक्षा म्हणून सहा नग जुन्या रीतीने चॉकलेट लावलेले आणि सहा नव्या वड्या बारा वाजता टिनाच्या पडवीत ठेवल्या. चार वाजेपर्यंत चॉकलेटची चकाकी गेली होती आणि कागद सोडवताना अर्धा थर कागदालाच राहिला. वड्या किंचित मऊ झाल्या, पण त्यांच्या कडा मोडल्या नाहीत आणि तीळही गळले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांतली उरलेली वडी मी खाऊन पाहिली. वास आणि चव दोन्ही चांगल्या होत्या.

मागणी देणाऱ्या ताईंना मी फोन करून खाऊचे रूप बदलल्याचे आणि चिठ्ठीवर काय लिहिणार आहोत ते सांगितले. त्यांना आधी थोडे वाईट वाटले, कारण चकचकीत चॉकलेट त्यांच्या डोळ्यांसमोर होते, परंतु वडीचा नमुना पाठवल्यावर त्यांनी होकार दिला. सासूबाईंना डॉक्टरांनी जेवणानंतर अर्धी वडी, तीही रोज नव्हे, असे सांगितले आहे.

आता ६ तारखेला सकाळी तीन घाणे करायचे, रात्रभर झाकून ठेवायचे आणि ७ तारखेला बटर पेपरमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यांत भरायचे असे ठरले आहे. बिया तपासायला गटातील सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या दोघींना बसवणार आहोत.