उंडीची जुनी झाडे तोडावीत की राखावीत?

प्रश्न
गुहागर तालुक्यात समुद्रालगत आमची वडिलोपार्जित जागा असून तिच्या कडेला उंडीची तीन मोठी झाडे आहेत. दरवर्षी त्यांखाली गोट्यांसारख्या फळांचा सडा पडतो आणि तसाच कुजून जातो. झाडे काढून तिथे माड लावावेत, असे भावाचे म्हणणे आहे. आजीच्या काळी याच बियांचे तेल दिव्याला वापरत, एवढेच मला आठवते. ते तेल आजही घरच्या घरी काढता येईल का, आणि या झाडाचा आणखी काय उपयोग आहे?

उत्तर १
तेल अवश्य निघते, मात्र घाई केल्यास हाती काही लागत नाही. ताजे फळ फोडले तर आतला मगज पांढुरका व कोरडा दिसतो आणि घाण्यात घातला तरी तेल सोडत नाही. कवच फोडून मगज उन्हात कित्येक आठवडे वाळवावा लागतो. तो हळूहळू तांबूस-तपकिरी होतो, बोटांना चिकट लागतो आणि त्याला उग्र वास येऊ लागतो, तेव्हा तो घाण्यासाठी तयार झाला असे समजावे. नीट वाळलेल्या मगजात निम्म्याहून अधिक तेल असते. ते हिरवट, दाट आणि कडू असते. आमच्या घरी ते देवापुढच्या समईत जळत असे आणि सांधे दुखू लागले की कोमट करून चोळतही असत. पेंड माडाच्या आळ्यात घालत. हे तेल खाण्याचे मुळीच नाही, म्हणून बाटलीवर ठळक नाव लिहून ती स्वयंपाकघराबाहेरच ठेवावी, कारण घरात लहान मुले असतात.

उत्तर २
झाडे तोडू नका, ही कळकळीची विनंती. खारा वारा आणि रेताड जमीन सोसून बाराही महिने हिरवे राहणारे असे दाट झाड किनाऱ्यावर सहज मिळत नाही, आणि माड लावायचेच असतील तर ते उंडीच्या आडोशालाच लावावेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या बागा कशा आडव्या झाल्या, हे ज्याने पाहिले आहे तो समुद्राकडची झाडांची भिंत स्वतःहून पाडणार नाही. उंडीचे लाकूड तांबूस, जड व चिवट असल्याने होड्यांसाठी वापरले जात असे. पण तेवढ्यासाठी जुने झाड आडवे करणे मला पटत नाही.

उत्तर ३
एक सावधगिरी सांगतो. साल किंवा फळ कापल्यावर येणारा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. तेलात राळेचा अंश असतो, त्यामुळे काहींच्या त्वचेची आग होते. आधी मनगटावर थेंबभर लावून दिवसभर वाट पाहावी. याच तेलापासून बायोडिझेलही करता येते, परंतु त्याआधी ही राळ काढावी लागते, त्यामुळे तीन झाडांच्या मालकाने त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. नवी रोपे करायची असल्यास कवच अलगद फोडून बी लावावे. कवचासकट लावलेले बी उगवायला फारच वेळ घेते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. भावाला हे सारे वाचून दाखवले. झाडे राहणार आहेत. काल पडवीत दोन टोपल्या फळे फोडून मगज सुपात वाळत घातला आहे. माडांसाठी उंडीच्या आतल्या बाजूला, घराकडे, आळी खणू.