क्लावे : वाद्य, ताल की ठेका?

प्रश्न : साल्साच्या वर्गात ‘क्लावे सोडू नका’ म्हणतात आणि दुकानात क्लावे मागितली की दोन दांडकी देतात. नेमकं काय समजायचं? मराठीत ‘ताल’ म्हणावं का?

उत्तर : दोन्ही बरोबर. दांडक्यांची जोडी म्हणजे क्लावेस, तिच्यावर वाजते ती पाच ठोक्यांची आकृती क्लावे. ‘क्लेव्ह’ म्हणू नका. स्पॅनिशमध्ये क्लावे म्हणजे किल्ली, उकल. वाद्याचं मूळ मात्र क्युबन अभ्यासक फर्नांदो ओर्तीस यांनी हवानाच्या गोदीतल्या लाकडी खुंट्यांपाशी नेलं. ‘ताल’ नको. ताल म्हटलं की आपण सम शोधायला लागतो आणि इथे तीच सवय नडते.

सोन (क्युबन नृत्यसंगीताचा एक प्रकार) क्लावे, 16 बारीक मात्रांत, ठोके 1, 4, 7, 11, 13 वर :

टा – – टा – – टा – । – – टा – टा – – –

पाय 1, 5, 9, 13 वर पडतो. म्हणजे पाचातले दोनच ठोके पायाबरोबर येतात, पहिला आणि शेवटचा. शिकणारा बहुतेक वेळा 9 वर घसरतो : पाय जोरात पडतो, हात मोकळा असतो, राहवत नाही. ती जागा रिकामीच ठेवायची.

प्रश्न : मग रुंबा (दुसरा क्युबन प्रकार) क्लावे?

उत्तर : तिसरा ठोका 7 वरून 8 वर जातो, बाकी सगळं तेच. लय वाढली की हात नकळत 7 कडे सरकतो आणि ग्वाग्वांकोचा (रुंबाच्या एका प्रकाराचा) सोन होऊन बसतो. मुरलेले वादक तर हा ठोका मात्रेच्या अलीकडे, 6/8 च्या (तीन-तीनच्या गटांच्या लयीच्या) अंगाने झुकवतात. ते कागदावर उतरत नाही, ऐकूनच घ्यावं लागतं.

पुरवणी : तीन-दोन (आधीच्या अर्ध्यात तीन ठोके, नंतरच्यात दोन) आणि दोन-तीन (उलट) ह्या दोन वेगळ्या क्लावे नव्हेत. दुसऱ्या अर्ध्यापासून सुरुवात केली की सोनचे ठोके 3, 5, 9, 12, 15 वर येतात. गाण्यात मध्येच बाजू बदलल्यासारखी वाटते तेव्हा क्लावे वळलेली नसते; चालीचा एखादा भाग विषम आवर्तनांचा (इथे आवर्तन म्हणजे 8 मात्रांचा अर्धा) असतो, म्हणून पुढची ओळ दुसऱ्या बाजूवर पडते. वाजवणाऱ्याने हात बदलायचा नाही. टिंबालेसवरची (धातूच्या ड्रमजोडीवरची) कास्कारा, म्हणजे ड्रमच्या कडेवर वाजणारी आकृती, किंवा पियानोचा मोंतुनो, म्हणजे फिरून फिरून येणारी आकृती, उलट्या बाजूने लागला, तर त्याला ‘क्रुसादो’ म्हणतात. प्रत्येकाचं आपापलं बरोबर असतं आणि तरी सगळं एकमेकांवर आदळतं.

हरकत : ‘ठेका’ का नको?

उत्तर : ठेका मात्रा भरतो. त्या अर्थाने कोंगावरचा (हाताने वाजवायच्या उंच ढोलावरचा) तुंबाओ, म्हणजे त्याचा नेहमीचा वाजता साचा, ठेक्याला जवळचा. क्लावे भरत नाही, इतरांनी कुठे बसायचं ते बांधून देते. मी ‘क्लावे’च लिहीन, स्त्रीलिंगी. दांडकं घट्ट आवळू नका : खालचं, पोकळ केलेल्या तळव्यावर बोटांच्या टोकांनी सैल धरायचं, वरच्याने मधोमध ठोकायचं. आवळलं की नुसता ‘ठप्प’.