वैमानिकांनो आणि त्यांच्या घरच्यांनो: तुमचा करार, तुमचं रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक), तुमची झोप

माझा धाकटा भाऊ एका स्वस्त विमान कंपनीत को-पायलट आहे. घरी येतो तेव्हा जेवता जेवता डोळे मिटतात, तरी 'मी थकलोय' असं कंपनीला कळवायला धजत नाही. का, तर बाँड आहे (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर कंपनीला पैसे भरायचे), कर्जाचे हप्ते आहेत आणि उडलेल्या तासांवर मिळणारा भत्ता आहे. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा आमच्या सोसायटीत 'पायलट लोकांचे नखरे' असं सर्रास बोललं गेलं. मला फार लागलं ते. आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास, रात्रीची लँडिंग्ज सहाऐवजी दोन, हे वैमानिकांसाठीचे नियम डीजीसीएने (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) जानेवारी 2024 मध्येच जाहीर केले होते. वैमानिकांच्या संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा ते 2025 च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. एवढा वेळ हाताशी असून इंडिगोने पुरेशी माणसं नेमली नव्हती, म्हणून उड्डाणं रद्द झाली. आणि गोंधळ झाल्यावर त्यांना रात्रीच्या नियमांतूनच तात्पुरती सूट दिली गेली!

या धाग्यावर टोपणनावाने आपापले अनुभव लिहा. कंपनीचं नाव नको, स्वतःचंही नको.

पहाटपाळी

ताई, तुमच्या भावाचं मला तंतोतंत पटलं. मीही को-पायलट.

लोक म्हणतात, वर्षाला 1000 तासच तर उडवता. पण हे तास विमान जागेवरून हललं की सुरू होतात आणि परत जागेवर थांबलं की संपतात. पहाटे दोनची गाडी, रिपोर्टिंग, ब्रेथ अ‍ॅनालायझर, दोन सेक्टरांच्या (एक टेक-ऑफ ते लँडिंग म्हणजे एक सेक्टर) मधला वेळ, उशिरा आलेल्या विमानाची वाट बघणं, यातलं काही त्यात धरत नाहीत. बऱ्याच ठिकाणी भत्ताही त्या उडलेल्या तासांवरच.

चार सेक्टरांची ड्युटी असली की जमिनीवर अर्धा तास मिळतो. त्यात इंधन, लोडशीट (विमानातल्या वजनाचा हिशेब), पुढच्या सेक्टरची तयारी, एखादा प्रवासी आलाच नाही तर त्याच्या बॅगा उतरवून घेणं. कपातला उपमा मांडीवर ठेवून खायचा, तोही कॅप्टनचं खाऊन झाल्यावर. चौथ्या लँडिंगला सूर्य समोरून येतो आणि आकडे वाचायला मुद्दाम डोळे ताणावे लागतात. कॅप्टनने विचारलं, "बरा आहेस ना?" मी "हो सर" म्हटलं. दोघांनाही माहीत होतं.

थकव्याचा रिपोर्ट भरता येतो, नियमात सोय आहे. मी भरला होता. शेड्यूलिंगवरून फोन आला, "सिक टाकू का?" सिक म्हणजे डॉक्टरचा कागद आणि त्या दिवसाचा भत्ता गेला. रिपोर्ट नामंजूर झाला. पुढे मी भरलेला नाही.

सोलापूरची आई

मुलीचं सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) झालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले. पण परवाना हातात आला म्हणजे नोकरी लागली असं नसतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं घरी बसून होती. मग एका कंपनीने घेतलं, पण त्यांच्या विमानाचं टाइप रेटिंग (त्या ठरावीक प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण) स्वतःच्या खर्चाने करायचं आणि वर बाँड लिहून द्यायचा. घरावर पुन्हा कर्ज काढलं. आता ती म्हणते, "आई, रोस्टर आदल्या संध्याकाळी बदलतं, पण बोलायचं कसं?" आजारपणातही जाते पोर.

जुना कॅप्टन

2017 पासून डीजीसीएचा नियम आहे: कॅप्टनने नोकरी सोडायची तर वर्षभर आधी नोटीस, को-पायलटने सहा महिने. प्रवाशांची गैरसोय होऊ नये म्हणून. ठीक. पण माझी कंपनी बंद पडली तेव्हा मला मेल आला आदल्या रात्री. आधीचे पगार थकलेले होतेच. 90 दिवसांत तीन टेक-ऑफ, तीन लँडिंग झाली नाहीत तर प्रवासी घेऊन उडता येत नाही, म्हणजे पुन्हा सिम्युलेटर, आणि त्याचा खर्च कोण करणार? थकबाकीचा दावा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकलेला आहे. आमच्यातले काही जण निम्म्या पगारावर दुसरीकडे लागले. मीही लागलो. मुलीची बारावी होती.

वर्षभराची नोटीस एका बाजूला आणि एका रात्रीचा मेल दुसऱ्या बाजूला, याला करार म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मँचेस्टरहून

इकडे वेगळंच. मी कंपनीचा नोकरच नव्हतो. मधे एजन्सी, आणि कागदोपत्री मी स्वयंरोजगारी! उडलो तर पैसे. हिवाळ्यात उड्डाणं कमी झाली की उत्पन्नही कमी. आजारपणाची पगारी रजा नाही, गणवेश आणि हॉटेलही स्वतःचं. 2018 च्या उन्हाळ्यात आयर्लंड, जर्मनी, बेल्जियम, स्वीडनमध्ये रायनएअरच्या वैमानिकांनी संप केले, तेव्हा कुठे युरोपात या विषयावर मोठ्याने बोललं जाऊ लागलं. मी त्या कंपनीत नव्हतो, पण आमच्या क्रूरूममध्येही लोक पहिल्यांदाच आपापले करार एकमेकांना दाखवायला लागले.

नागपूर

ऑगस्ट 2023 मध्ये आमच्या विमानतळावर बोर्डिंग गेटपाशी एक वैमानिक कोसळले आणि वारले. कारणांबद्दल मी काही म्हणणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण त्या दिवसापासून माझी बायको प्रत्येक ड्युटीआधी माझा रक्तदाब मोजते.

मला वैद्यकीय तपासणीत तात्पुरतं अनफिट ठरवलं होतं. त्या काळात हातात फक्त मूळ पगार. ग्रुप विमा होता, पण तो कायमचा परवाना गेल्यावर लागू होणारा, तात्पुरत्यासाठी नाही. हे मला अनफिट झाल्यावर कळलं. सही करण्याआधी तीन गोष्टी वाचाच: किमान किती तासांचा पगार नक्की मिळणार, अनफिट असताना काय मिळणार, आणि कंपनीने काढलं तर बाँड उरतो की संपतो.

धागाकर्ती

नागपूरच्या दादांनी लिहिलेलं भावाला पाठवलं. त्याने करार उघडून पाहिला. तिसऱ्या मुद्द्यावर एक ओळही नाही. ज्यांच्या करारात कंपनीने काढल्यास बाँड रद्द होतो असं स्पष्ट कलम आहे, त्यांनी त्याची भाषा इथे टाकाल का? भावाच्या कराराचं नूतनीकरण मार्चमध्ये आहे.