शब्दचर्चा: पेशीचा ‘आकार’ की ‘आकारमान’?

चेंबूरकरीण: बी.एस्सी.च्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितेय. विषय आहे तंतुमय नीलहरित जीवाणूंमध्ये पेशीच्या आकाराचं जनुकीय नियंत्रण. ‘तांबड्या प्रकाशात पेशीचा आकार बदलतो’ असं लिहिलं, तर भाची विचारते, ‘मोठी होते की लहान?’ मला म्हणायचं होतं, लांबटची गोल होते. आकृती, घडण, घाट... काय वापरू?

दादरचा चाळकरी: ‘घाट’ झकास! भांड्याचा घाट म्हणतोच की आपण.

शेवाळवाली: मुंबईकराला घाट म्हटलं की खंडाळा दिसणार. ‘आकार’च ठेवा, फक्त लहान-मोठं सांगायचं तिथे न चुकता ‘आकारमान’ लिहा. या विषयात दोन्ही लागतात.

तुमचं उदाहरण फ्रेमिएला डिप्लोसायफॉन या तंतुमय नीलहरित जीवाणूचं दिसतंय. हिरव्या प्रकाशात त्याच्या पेशी लांबट आणि तंतूही लांब, तांबड्यात पेशी गोलसर आणि तंतू आखूड. प्रकाश ओळखतं आरसीए-ई हे प्रथिन. तांबड्या प्रकाशात बोल-ए हे दुसरं प्रथिन वाढतं आणि ते एमआरई-बीच्या जनुकाला दाबतं. नवी पेशीभित्तिका कुठे रचली जावी, हे पाहणारं प्रथिन म्हणजे एमआरई-बी. ते कमी पडलं की पेशीचा लांबटपणा जातो. इथवर ‘आकार’ चालेल.

पण ॲनाबीना या दुसऱ्या तंतुमय नीलहरित जीवाणूत एमआरई-बी, एमआरई-सी किंवा एमआरई-डी यांपैकी एका प्रथिनाचं जनुक निकामी केलं, की पेशी फुगतात आणि बेढबही होतात. तिथे ‘आकार व आकारमान दोन्ही बदलतात’ असं सरळ लिहा, नाहीतर भाची पुन्हा विचारेल, आणि बरोबरच विचारेल.

दादरचा चाळकरी: मान्य. पण ‘तंतू’ मला खटकतो. आम्ही गिरणगावातले, तंतू म्हणजे अखंड सूत. इथे तर सुट्या पेशी रांगेत. ‘माळ’ का नको?

शेवाळवाली: पेशी सुट्या नाहीतच हो. पेशी दुभागते पण शेजारणीपासून पुरती सुटत नाही, आणि बाहेरचं पटल अख्ख्या तंतूवर एकच सलग असतं. शेजारी पेशींमध्ये देवाणघेवाणीच्या वाटाही असतात.

पावसाळ्यात गच्चीवर नॉस्टॉक या अशाच तंतुमय जीवाणूचा हिरवट-काळा बुळबुळीत थर धरतो ना, त्यातला कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. हिरव्या पेशींच्या ओळीत मधूनच एखादी फिकट, जाड भिंतीची पेशी दिसते. ती हेटरोसिस्ट, नायट्रोजन स्थिर करणारी. ॲनाबीनात साधारण 10 ते 20 पेशींमागे एक. ती नायट्रोजनयुक्त पदार्थ शेजारणींना देते आणि त्यांच्याकडून साखर घेते. माळेतल्या मण्यांचं एकमेकांशी असं काही नसतं.

चेंबूरकरीण: तंतू कायम. शीर्षकातलं ‘नियंत्रण’ मात्र सरकारी वाटतं. ‘पेशीचा आकार कोणती जनुकं ठरवतात?’ असं केलं तर?

शेवाळवाली: वाचायला छान, पण फ्रेमिएलात जनुकं तीच राहतात आणि प्रकाश बदलल्यावर आकार बदलतो. ‘ठरवतात’ म्हटलं की प्रकाश बाहेरच राहिला. सरकारी वाटलं तरी ‘नियंत्रण’च ठेवा.