अनुभव धागा: सहल आणि प्रकल्प यांची गाठ कशी घातलीत?

मोहर: अकरावी-बारावीला पर्यावरणाचा प्रकल्प सक्तीचा आहे, सहल तर प्रत्येक इयत्तेची निघते. पण सहल डिसेंबरात आणि प्रकल्प फेब्रुवारीत, तोही बाजारातल्या तयार वहीतून, असंच बहुतेक ठिकाणी दिसतं. ज्यांनी या दोन्हींचा मेळ घातला आहे, त्या शिक्षकांनी आणि पालकांनी जरूर लिहा. काय पाहिलं ते थोडक्यात, परतल्यावर काय केलं ते सविस्तर.

बाभूळबन: मी नगर जिल्ह्यात विज्ञान शिकवते. आम्ही सुरुवात शाळेच्या पर्जन्यमापकापासून केली. मिलिमीटर म्हणजे मुलांना नुसता आकडा वाटायचा. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी, हे कळल्यावर मुलं टेप घेऊन शाळेच्या पत्र्याची लांबी-रुंदी मोजायला धावली. मग हिवरेबाजारला गेलो. तिथे पडलेल्या पावसावरून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात: आधी माणसं, मग गुरं, उरेल त्यावर पिकं. ऊस का नाही, बोअरचं पाणी शेतीला का नाही, असे प्रश्न मुलांनी तिथल्या शेतकऱ्यांना थेट विचारले. ते आधी पाऊस मोजल्यामुळेच सुचले. परतल्यावर प्रत्येकाने आपल्या घरचा ताळेबंद मांडला. एका मुलीचे वडील शाळेत येऊन विहिरीच्या पातळीची नोंद कशी ठेवायची ते विचारून गेले. माझ्या मते प्रकल्प तिथे पूर्ण झाला.

खाडीकाठ: पालक म्हणून लिहितोय. मुलाचा वर्ग ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात गेला होता. तिवराच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या खारफुटीच्या झाडाच्या, पानामागचं मीठ त्याने चाटूनही पाहिलं. बाईंनी निबंध लिहायला लावला नाही. वर्गात मेथी पेरली, अर्धी साध्या पाण्यावर, अर्धी समुद्राइतक्या खारट पाण्यावर. खारट पाण्यावरची उगवलीच नाही. तिवर काय साधतो, हे त्या रिकाम्या वाटीने शिकवलं.

पोरसू: आमच्या गोव्यातल्या तिसवाडीत खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली शेती) शाळेपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. भरतीच्या पाण्याने मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या वाटेची, दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. मुलांनी त्याची चालती प्रतिकृती केली. नंतर घरी आजोबांना खारं पाणी सोसणाऱ्या कोरगुट भाताबद्दल विचारून लिहून आणलं.

वाटसरू: बसचा खर्च छोट्या जिल्हा परिषद शाळांना झेपत नाही. एकदा लांब जाण्यापेक्षा गावचाच ओढा दर महिन्याला पाहावा. पाणी कधी आटलं, कचरा कुठून आला, हे बदल एका दिवसाच्या सहलीत कळत नाहीत.

बाभूळबन: ओढ्याचं अगदी पटलं, आम्हीही हे सुरू करतो. तरीही लांबची एक सहल हवीच. पाणी पाहून अख्खं गाव पीक ठरवतं, हे माझ्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर त्यांना खरं वाटलं नसतं.

मोहर: बाभूळबन, पावसाच्या नोंदीचा तक्ता कसा करता? आमच्या आठवीला जूनपासून सुरुवात करायची आहे.

बाभूळबन: रकाने तीनच ठेवा: तारीख, पाऊस, नोंदवणाऱ्याचं नाव. वेळ मात्र सकाळी साडेआठचीच धरा. हवामान खातंही तेव्हाच मोजतं, त्यामुळे तालुक्याच्या आकड्याशी पडताळता येतं. आणि सुट्टीच्या दिवशी कोण मोजणार, ते आधीच ठरवून ठेवा.