बांधावरच्या जुन्या खुरसाला टाइल्स लावाव्यात का?

वाटसरू:
गोव्यातील तिसवाडी तालुक्यातील आमच्या गावात खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधावर जांभ्याचा एक जुना खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. पायथ्याच्या पाटीवरील मृताचे नाव झिजले आहे, परंतु ‘पी. एन.’ आणि ‘ए. एम.’ ही अक्षरे बोट फिरवले की अजून लागतात. वाटेने जाणाऱ्याने त्या आत्म्यासाठी एक ‘पाद्रे नॉसो’ आणि एक ‘आवे मारिया’ ही ख्रिस्ती प्रार्थना म्हणावी, अशी ती विनवणी आहे. यंदा मे महिन्यातील लदिनीपूर्वी, म्हणजे खुरसापाशी होणाऱ्या सामूहिक प्रार्थनेपूर्वी, खुरसाला सिमेंटचा गिलावा करून पांढऱ्या टाइल्स लावण्याचे घाटत आहे. माझा त्यास विरोध आहे. जांभा सच्छिद्र असतो आणि खाजनातील खारी ओल शोषून घेतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडते, सिमेंटमागे मात्र कोंडून राहते, मीठ दगडातच साचते आणि काही पावसाळ्यांत टाइलमागच्या चिऱ्याचा भुगा होतो.

कुळागर:
दरवर्षी शेवाळ खरवडून चुना लावणारे हात किती उरले आहेत, हे आपणास ठाऊक नसावे. मेणबत्ती लावणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना स्वच्छ, धुता येणारा खुरीस हवा आहे. ते गावाचे देवस्थान आहे, वस्तुसंग्रहालय नव्हे.

वाटसरू:
माझे घर त्याच बांधापलीकडे आहे. ते असो, माझे म्हणणे एवढेच की गिलावा काढून मूळ चिरा उघडा ठेवावा.

जांभेकर:
येथे मी दोघांशीही असहमत आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिका या चर्चचा गिलावा १९५० च्या सुमारास, पोर्तुगीज राजवटीतच, काढण्यात आला. तो उघडा तांबडा दगडच मूळ रूप असल्याचे आज बहुतेकांना वाटते, आणि तोच पावसाने झिजत असल्याने गिलावा पुन्हा करावा की नाही, यावर २०२० साली बराच वाद झाला. उघडा चिरा छायाचित्रात शोभतो, मृगाच्या सरींत टिकत नाही. आमचे घर हिंदू. तरी शेताला जाताना आजी या खुरसापाशी थांबून हात जोडत असे, आणि तिने तो नेहमी चुन्याने पांढराच पाहिला. त्यामुळे पुन्हा चुनाच लावावा.

कुळागर:
चुन्याचा मिस्त्री आपण आणणार असाल, तर मी विषय काढून पाहीन. टाइल्सचे पैसे मात्र देऊन झाले आहेत. पाटीवर टाइल बसू देणार नाही, एवढे आजच सांगतो.